बंगईखालची ओल

बोरगाव मेघे,
४ नोव्हेंबर २०२४

चि. इला,

तुझा पत्ता नमिताकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. ती तुझी मैत्रीण असली तरी मी तिची शाळेतली बाई आहे, आणि बाईंनी भर बाजारात हात धरून विचारलं तर कोण नाही म्हणणार. माझ्या नंबरवरून तुझा फोन लागत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वीचं काही उकरायला बसलेली नाही. मांजरांबद्दल लिहायचं आहे. ती तुझी आहेत. तू बॅग उचलून गेलीस आणि ती माझ्याकडे राहिली, तेव्हा त्यांचं बरंवाईट तुला कळवणं भाग आहे.

सरपंच आणि बुंदी, दोघंही ट्रेच्या बाहेर लघवी करायला लागले आहेत. दसऱ्यानंतर सुरू झालं. आधी वाटलं ट्रेमधली वाळू खराब झाली असेल, म्हणून बदलली. ट्रे मोरीजवळून उचलून व्हरांड्यात नेला, परत मोरीजवळ आणला. फरक नाही. बरं, रोज करत नाहीत. मधले दिवस शहाण्यासारखी ट्रेमध्ये जातात, आणि एखाद्या दिवशी मी शाळेतून येऊन कुलूप उघडते तर तोच वास अंगावर येतो.

जागा ठरलेली आहे. समोरच्या खोलीत, बंगईच्या पुढे. बरोबर खाली नाही. झोका घेताना बसणाऱ्याचे पाय टेकतात ना, तिथे. बंगईवर आता कोणी बसत नाही हे तुला माहीत आहे. मी त्यावर धुतलेले कपडे घडी करून ठेवते.

फिनाईलने पुसलं तर पुढच्या वेळी तिथेच जास्त केलं. शेजारच्या शकुंतलाबाई म्हणतात, दोघांना पोत्यात घालून सेलूच्या रस्त्याले सोडून दे, कायले एवढी चाकरी. मी तसं करणार नाही.

काय करायचं ते कळव. नाही कळवलंस तरी मी करीनच काहीतरी.

आई


बोरगाव मेघे,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. इला,

पार्सल मिळालं. दोन मोठे ट्रे, बिनवासाची माती आणि ती फवाऱ्याची बाटली. आत चिठ्ठी असेल म्हणून खोक्याचे पुठ्ठे उलटेपालटे करून पाहिले. नव्हती. तरी पाठवलंस, बरं वाटलं.

बाटलीवर लिहिलं तसं सगळं केलं. दोन मांजरांना तीन ट्रे झाले, एक तर समोरच्या खोलीतच ठेवला. बंगईपुढची फरशी त्या औषधाने धुतली. आठवडा चांगला गेला. मग एका संध्याकाळी आले तर परत तिथेच ओल. आणि या वेळी आणखी एका जागी: तुझ्या खोलीत, तुझ्या दिवाणावर, उशीपाशी.

आर्वी नाक्याजवळ काजल म्हणून एक डॉक्टर मुलगी बसते जनावरांची. दोघांना पिशवीत घालून ऑटोने घेऊन गेले. सरपंचाने ऑटोवाल्याला ओरबाडलं. डॉक्टरने लघवी तपासली. खडे नाहीत, जळजळ नाही, दोघांची तब्येत चांगली आहे म्हणाली. मग विचारायला लागली, घरात काही बदललं का, नवीन सामान आणलं का, रंग दिला का, नवीन माणूस येतो का. मी म्हटलं, माझ्या घरी माणूसच येत नाही, नवीन कुठून येणार. तिने समजावून सांगितलं की एखाद्याच्या कपड्यांवर, चपलांवर परक्या बोक्याचा वास आला की घरची मांजरं त्या वासावर आपला वास टाकतात. हे घर आमचं आहे, असं सांगण्याची त्यांची ती रीत आहे.

मी परत म्हटलं, कोणी येत नाही.

ती हसली नाही. म्हणाली, "मॅडम, मांजरांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या मते कोणीतरी येऊन राह्यलं."

मी हे शकुंतलाबाईंना सांगायला नको होतं. त्या दुसऱ्या दिवशी लिंबू घेऊन हजर. त्यांचं म्हणणं असं, की देह न मिळता क्रिया केली तर माणूस अर्धा राहतो, आणि अर्धा राहिलेला माणूस आपल्या बसायच्या जागी येतो. गिरडच्या दर्ग्यातून धागा आणून देते म्हणाल्या. गिरडचं नाव काढलं तसे मी चहाचे कप उचलून आत गेले. तुझ्या बाबांची स्कूटर त्याच टेकडीच्या पायथ्याशी सापडली होती, हे त्या विसरल्या असतील. मी नाही.

तू तेव्हा बारावीत होतीस. सकाळी "गिरडले जाऊन येतो" म्हणून गेले ते गेलेच. सात वर्षं शोधलं, कोर्टाचा कागद झाला, आणि आनंदाआत्याच्या म्हणण्यावरून पवनारच्या नदीवर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. तू घाटावर सगळ्यांदेखत म्हणालीस, आईनं जित्या माणसाले जाळलं. त्याच आठवड्यात गेलीस.

उकरणार नव्हते. लिहिलं गेलं. राहू दे.

तुझी चादर धुऊन वाळत घातली आहे. शाळा ठीक. गुडघा ठीक.

आई


बोरगाव मेघे,
११ डिसेंबर २०२४

इला,

एक विचारायचं आहे. खरं सांग, मी काही बोलणार नाही.

तू येऊन जातेस का?

असं विचारायला कारण आहे. ही मांजरं मंगळवारीच करतात. आधी लक्षात आलं नव्हतं. मंगळवारी शाळेत उसळ असते आणि मी मुलांसोबत तीच खाते, त्यामुळे संध्याकाळी फरशी पुसताना दरवेळी पोटात तीच उसळ असते, असं एकदा मनात आलं आणि मग मागचं सगळं आठवत गेलं. मंगळवार सोडून एकदाही नाही.

काल मंगळवार होता. तुझ्या दिवाणावर मी सकाळी चादर ओढून, ताणून बसवली होती. संध्याकाळी उशीच्या मधोमध खोलगट झालेलं होतं आणि शेजारी ओल. मांजराने एवढा खळगा होत नाही. डोकं टेकलं तर होतो. माझ्या आलमारीचं दार नीट लागलेलं नव्हतं. खालच्या कप्प्यात तुझ्या बाबांचं मरून स्वेटर ठेवलं आहे, तेही ओलं होतं. मांजर आलमारी कशी उघडेल?

चोरी म्हणावं तर काहीही गेलेलं नाही. पुढचं कुलूप जसंच्या तसं. मागचं दार आतून कडी घातलेलं. पण ती कडी कशी आहे हे तुला माहीत आहे. फटीतून पट्टी घालून बाहेरून उचलता येते, आणि तशीच परत पाडताही येते. तुझ्या बाबांनीच ती तशी बसवली होती, किल्ली हरवली तर असू दे म्हणून. आपण तिघं सोडून हे कोणालाच ठाऊक नाही.

म्हणून विचारते. बंगळुरूहून कोणी दर मंगळवारी येत नाही, एवढं मलाही कळतं. पण कधी कधी वाटतं की तू नागपूरला असशील, आणि नमिताने मला चुकीचा पत्ता दिला असेल. येत असशील तर ये. लपून कशाला? तुझंच घर आहे. तुझ्याकडे तिकडे बोका असेल तर त्यालाही आण.

सरपंच आजकाल सकाळी मागच्या दारासमोर बसून असतो. मी शाळेत निघते तेव्हा माझ्याकडे पाहत नाही. दाराकडे पाहतो.

उत्तर दे.

आई


बोरगाव मेघे,
१९ डिसेंबर २०२४

चि. इला,

तुझं कार्ड आलं. एवढ्या दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं. "मी आलेली नाही. कडी आजच बदल. शकुंतलाकाकूंना सोबतीला बोलव. पोलिसात सांग." चार वाक्यं. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. काळजीने लिहिली आहेस, हे कळतं.

कडी बदललेली नाही.

सुतार सांगितला होता. तो आलाही. मी त्याला म्हटलं की खिडकीच्या जाळीसाठी बोलावलं आहे, आणि जाळी ठोकून घेतली. का, ते विचारू नकोस. तू आली नाहीस हे कळल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहिले ती दूध उतू जाईपर्यंत. आपण तिघं, असं मी लिहिलं होतं ना. तू नाहीस, मी नाही.

परवा मंगळवारी मी निघताना ओट्यावर ताट झाकून ठेवलं. दोन भाकरी, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. मांजरांसाठी नाही, एवढं सांगते. दिवसभर वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही. संध्याकाळी आले. समोरच्या खोलीत वास होताच. मी दिवा न लावताच आत गेले. ताट रिकामं होतं. रिकामं करून, राखेने घासून, धुऊन, भिंतीला टेकवून पालथं ठेवलेलं. आपल्याकडे भांडी घासायला राख आता कोण वापरतं? चुलीची राख मी झाडांसाठी मागच्या डब्यात ठेवते, ती शोधून घेतलेली.

राखेने ताट घासून असं तिरपं टेकवायची सवय कोणाची होती ते मी लिहीत नाही. लिहिलं की ते खरं होईल, आणि मग मला काहीतरी करावं लागेल.

शकुंतलाबाईंचं लिंबू दारावर तसंच आहे, सुकून काळं झालं आहे. काल त्यांनी विचारलं, बाई, तुमच्या घरी दुपारी बंगई कुरकुरते का, मले तर आयकू आलं. मी म्हटलं, मांजरं चढतात.

तू काळजी करू नकोस. भीती वाटते का विचारशील, तर वाटते. पण चोराची वाटते तशी नाही.

आई


बोरगाव मेघे,
८ जानेवारी २०२५

इला,

हे पत्र बसून वाच. सोबत कोणी असेल तर चांगलं.

काल मंगळवार. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारच्या बसने परत आले. नाक्यावर उतरून पुढच्या रस्त्याने आले नाही. शकुंतलाबाईंच्या आणि आपल्या भिंतीमधल्या सांधवाडीतून मागे गेले. स्वच्छ ऊन होतं, कोणाच्या तरी गच्चीवर पापड वाळत होते. मागच्या दाराबाहेर एक चपलेचा जोड काढून ठेवला होता, प्लास्टिकचा, झिजलेला. दार नुसतं लोटलेलं. आतून बंगईच्या कड्यांचा आवाज येत होता, सावकाश.

तुझे बाबा बंगईवर बसले होते, इला.

दाढी पांढरी झाली आहे. वाळले आहेत. पांढरा पायजमा, अंगावर पोत्याची धूळ. एका पायाने फरशीला रेटा देत झोके घेत होते आणि समोरच्या भिंतीवरच्या आपल्याच फोटोकडे पाहत होते. फोटोला चंदनी हार, खाली लाल बल्ब. बुंदी आलमारीच्या वर जाऊन बसली होती, सरपंच कोपऱ्यात अंग फुगवून.

माझी चाहूल लागली तेव्हा त्यांनी मान वळवली. उठले नाहीत. घाबरलेही नाहीत. तू लवकर आली, एवढंच म्हणाले.

मी नऊ वर्षं ठरवत होते की भेटले तर काय विचारायचं. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी विचारलं, "तुमच्याकडे बोका आहे का?"

ते म्हणाले, "दुकानात हाये एक. उंदरांसाठी ठेवला मालकानं. रात्री माह्याच अंगावर झोपते."

मग मी खाली फरशीवर बसले. ते बोलत गेले, मी मधे मधे विचारलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

त्या दिवशी गिरडच्या टेकडीवर बसले होते. कोणावर राग नव्हता, भांडण नव्हतं, ऑफिसात काही घोटाळा नव्हता. लोक आपण होऊन जी कारणं लावत होते त्यातलं काहीच नव्हतं. संध्याकाळ झाली, सगळे उतरले, आणि यांना उतरावंसंच वाटलं नाही. मग स्कूटर होती त्या बाजूने न उतरता दुसऱ्या बाजूने उतरले. एवढंच. पुढे बल्लारशाह, चंद्रपूर, मिळेल ते काम. दोन वर्षांपासून नाचणगावला एका धान्याच्या दुकानात आहेत. इथून बसने जाऊन येता येईल एवढ्यावर. नाव तानबा सांगितलं आहे.

इकडे कधीच येणार नव्हते म्हणाले. ऑक्टोबरात एक दिवस गूळ बांधायला रद्दी फाडली तर हातात स्वतःचा फोटो आला. द्वितीय पुण्यस्मरण. आनंदाआत्याने पेपरात दिलेलं. दुकान मंगळवारी बंद असतं. पहिल्याच मंगळवारी ते आले, मागच्या दाराने.

मी विचारलं, काऊन? यायचं होतं तर माझ्यासमोर का नाही आलात?

ते फोटोकडे बोट दाखवून म्हणाले, "मी तुले भेटाले नाई येत. त्याले पाहाले येतो. तो मेला, सगळ्याइनं मान्य केलं, हे पाहून मले लय बरं वाटते. इथं बसलो की डोकं शांत होते."

हे त्यांनी चेष्टेने म्हटलं असतं तर मी हाताला लागेल ते फेकून मारलं असतं. चेष्टा नव्हती. त्यांचा चेहरा दर्शन घेऊन आलेल्या माणसासारखा होता. मला तेव्हा खरी भीती वाटली. शकुंतलाबाई अर्धा माणूस म्हणतात तो हाच असेल, असं आलं मनात. मधुकर वैरागडे त्या फोटोत होते आणि बंगईवर दुसरंच कोणी बसून त्यांच्या मरणाचा आनंद घेत होतं.

मी तुझं सांगितलं. तू घाटावर काय बोललीस, कशी गेलीस, दोन वर्षं माझा फोन घेत नाहीस, सगळं. तुझ्या उशीवर डोकं ठेवता ते कोणासाठी, असंही विचारलं. त्यांनी पाय टेकून बंगई थांबवली. मग म्हणाले, "इलाले सांगजो, आईचंच बरोबर होतं."

म्हणजे काय, मी म्हटलं.

"म्हणजे मी मेलो. असंच सांगजो तिले. मी आलतो हे नको सांगू."

ते उठले. मी म्हटलं, पुन्हा यायचं असेल तर पुढच्या दाराने या, मी घरी असताना, बेल वाजवून. चोरासारखं मागून नाही. त्यांनी चपला घातल्या, दार ओढून घेतलं, आणि मी आत बसलेली असताना, इला, बाहेरून पट्टी घालून कडी पाडली. सवयीने. ती कडी पडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

ते गेल्यावर सरपंच कोपऱ्यातून निघाला. बंगईपुढे आला, जिथे त्यांचे पाय होते तिथे हुंगलं, आणि माझ्यासमोरच लघवी केली. मी त्याला हाकललं नाही.

काल रात्री झोपेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की तुला सांगायचं नाही. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. सांगितलं की तुझं खरं ठरतं आणि मी जित्या माणसाला जाळणारी ठरते. पण सकाळी उठले तेव्हा वाटलं की मी गप्प राहिले तर त्या दुकानात त्यांनी जे चालवलं आहे त्यात मीही सामील होईन. तू आयुष्यभर वाट पाहशील आणि मला उत्तर माहीत असेल.

म्हणून सांगते. बाबा जिवंत आहेत. तुझं बरोबर होतं.

आई


बोरगाव मेघे,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. इला,

माझं पत्र मिळालं त्या दिवशी तुझा फोन आला. तू फक्त दुकानाचं नाव विचारलंस आणि मी म्हटलं, थांब, आधी मला एकदा पाहू दे. तू रागावून ठेवून दिलास. राग बरोबर आहे तुझा. पण मी का थांबवलं ते आता सांगता येईल.

मी मंगळवारची वाट पाहिली. रजा टाकून, पुढचं दार उघडं ठेवून, साधी साडी बदलून बसले. आले नाहीत. पुढच्या मंगळवारीही नाहीत, त्याच्या पुढेही नाहीत. मांजरांनी तर कधीच सांगून टाकलं होतं. तेव्हापासून दोघंही ट्रेमध्येच जातात, एक थेंब बाहेर नाही. डॉक्टर काजलने विचारलं, मॅडम, शेवटी काय केलं? मी म्हटलं, पाहुणा यायचा बंद झाला. आपलं निदान बरोबर निघालं म्हणून ती खूश झाली. सुताराला परत बोलावून मागच्या दाराला नवा बोल्ट लावून घेतला.

मग काल, रविवारी, पुलगावची बस धरली. तिथून ऑटोने नाचणगाव. कोणाला काही सांगितलं नाही. रस्त्यात शंभर वाक्यं जुळवली होती.

दुकान बाजाराच्या रस्त्यावर आहे, तानबाचं नाव सांगताच एकाने दाखवलं. मालक बाबाराव म्हणून, गल्ल्यावर बसलेले, बोलके. काय पाहिजे बाई म्हणाले. मी तुरीची दाळ म्हटलं. त्यांनी आत आवाज दिला, "तानबा, बाईले दाळ दे."

ते आतून आले. तोच पायजमा. मागून एक दांडगा भुरा बोका आला आणि पोत्यावर चढून बसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला, चेहरा पूर्ण दिसेल असा. म्हटलं, आता बोलतील. त्यांनी पोत्यात माप घातलं, काट्यावर दाळ मोजली, दोन दाणे जास्तीचे टाकले, पुडीला दोरा गुंडाळला आणि माझ्या हातात दिली.

"आणखी काय देऊ, बाई?"

इला, ते लपवत नव्हते. लपवणारा माणूस डोळे चोरतो. मी इतकी वर्षं शाळेत पोरांचे डोळे पाहिले आहेत, मला कळतं. त्यांनी सरळ पाहिलं, गिऱ्हाइकाकडे पाहतात तसं. आपल्या घरी ते मला ओळखत होते. तू लवकर आली म्हणाले होते. इथे त्या नजरेत मी कुठेच नव्हते. शंभर वाक्यांतलं एकही त्या माणसाला लागू होईना. मी काही नाही म्हटलं. ते आत गेले.

पाय निघेनात म्हणून मी बाबारावांना विचारलं, तुमचा हा माणूस बरा दिसतो, घरदार आहे का याला? ते म्हणाले, कामाले वाघ आहे, पण एकटा जीव. मग आवाज खाली करून बोलले, "बायको मेली म्हणते त्याची. कधीचीच. एक पोरगी हाये म्हणते, मोठ्या शहरात राह्यते, लय हुशार. तिचं नाव काढलं की दिवसभर खुशीत राह्यते."

मी दुकानाच्या पायरीवर हात टेकून उतरले. समोर ऑटो उभा होता, त्यात बसले, बस कशी मिळाली आठवत नाही. रडू आलं नाही. पुलगाव सुटल्यावर एकदम हसू आलं, शेजारची बाई पाहायला लागली. मी पवनारला त्यांना जाळलं आणि त्यांनी नाचणगावला मला. कोणी कोणाला आधी, याचा हिशोब आता कोण करणार. तू मात्र त्यांच्याकडेही जिवंत आहेस आणि माझ्याकडेही.

म्हणून मी तुला अडवणार नाही. नाचणगाव, बाजाराचा रस्ता, बाबारावांचं धान्याचं दुकान, कोणीही दाखवेल. मला न कळवता गेलीस तरी चालेल. ते तुला ओळखतील की आणखी काय देऊ म्हणतील, ते मला सांगता येत नाही. ओळखलं तर त्यांच्याशी तुझं जे काय बोलणं होईल ते तुझं. मला सांगितलंच पाहिजे असं नाही. नाही ओळखलं तर मात्र तिथे जास्त वेळ उभी राहू नकोस. मला तिथे उभं राहून वाटलं की मी आणखी थोडा वेळ थांबले तर मलाच खात्री वाटायला लागेल की मी मेलेली आहे.

घरी आल्यावर पुडीचा दोरा सोडला. दाळ चांगली आहे, इथल्यापेक्षा चांगली, एक खडा नाही. स्टीलच्या गंजात काढून ओट्यावर ठेवली आहे. काल शिजवली नाही, आज सकाळीही नाही. मेलेल्या बाईला तिच्या नवऱ्याने मोजून दिलेली दाळ एकटीने कशी खायची ते मला समजत नाही.

तू आधी तिकडे जा की आधी इकडे ये, तुझं तू पाहा. इकडे आलीस तर गाडीत बसल्यावर एक फोन कर. कुकर लावून ठेवीन, दोघींपुरता.

आई